‘सरकारी आरोग्यसेवा’ म्हणजे सरकारी दवाखाने की फक्त सरकारी पैसा?

साधाप्रश्न

नमस्कार. सर्वांना सरकारतर्फे आरोग्यसेवा मिळावी की नाही, या वादावर बरंच वाचलं, पण वाचावं तितका गोंधळ वाढतोय. एक जण कॅनडातली सेवा सरकारी म्हणतो, दुसरा म्हणतो तिथले डॉक्टर तर खासगी आहेत. जर्मनीचं उदाहरण दोन्ही बाजू आपापल्या सोयीने देतात. म्हणून जाणकारांना काही नेमके प्रश्न:

१. सरकारने नक्की काय चालवायचं असतं? विमा, दवाखाने, की दोन्ही?
२. फुकट केलं की लोक उगाच गर्दी करतात, हा आक्षेप कितपत खरा? कुणी प्रत्यक्ष तपासून पाहिलंय का?
३. ब्रिटन म्हटलं की रांगा आल्याच. त्या सेवा सरकारी असल्यामुळे लागतात की पैसा कमी पडतो म्हणून?

घोषणा दोन्ही बाजूंच्या वाचून झाल्या आहेत. यंत्रणा चालते कशी आणि अडते कुठे, ते समजून घ्यायचंय.

तराजू

गोंधळाचं मूळ ‘सरकारी’ या शब्दात आहे. त्याखाली चार निरनिराळी कामं येतात आणि प्रत्येक काम कुणाकडे आहे ते वेगवेगळं पाहावं लागतं. पैसा कोण गोळा करतं? तो किती मोठ्या गटात एकत्र ठेवतात? त्या पैशातून सेवा कोण विकत घेतं आणि कोणत्या दराने? आणि शेवटी, इमारत आणि कर्मचारी कुणाचे?

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. पैसा मुख्यतः करातून, रुग्णालयं सरकारी, तिथले डॉक्टर पगारी. पण तिथलाही फॅमिली डॉक्टर बहुतेक वेळा सरकारी नोकर नसतो. तो करारावर काम करणारा स्वतंत्र व्यावसायिक असतो, आणि त्याच्या यादीत किती माणसं नोंदलेली आहेत त्यावर त्याचं मानधन मुख्यतः ठरतं. कॅनडात पैसा करातूनच येतो आणि बिल भरतं प्रांताचं सरकार, पण बहुसंख्य डॉक्टर स्वतःचा व्यवसाय करतात आणि केलेल्या कामाचं बिल प्रांताकडे पाठवतात. म्हणजे तुम्ही वाचलेली दोन्ही विधानं खरी आहेत. एक पैशाबद्दल आहे, दुसरं दवाखान्याबद्दल. शिवाय कॅनडातही ‘सगळं’ मोफत नाही. रुग्णालयाबाहेर घ्यायची औषधं आणि दातांचे नेहमीचे उपचार १९८४ च्या आरोग्य कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले.

जर्मनीची पद्धत याहून जुनी, १८८३ ची, बिस्मार्कच्या काळातली. तिथले आजारविमा निधी ही सरकारी खातीही नाहीत आणि नफा कमावणाऱ्या कंपन्याही नाहीत. पगाराच्या १४.६ टक्के मूळ वर्गणी, निम्मी मालकाची आणि निम्मी कामगाराची, त्यावर प्रत्येक निधीची थोडी जादा वर्गणी. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येकाला खासगी विमा कंपनीकडूनच विमा घ्यावा लागतो. पण मूलभूत विम्यावर कंपनीला नफा घेता येत नाही, आजारी माणसाला नाकारता येत नाही आणि आजार पाहून हप्ता वाढवता येत नाही.

इतक्या वेगळ्या रचनांमध्ये एक गोष्ट मात्र समान आहे. कुठेही निरोगी माणसाला बाहेर राहायची मोकळीक नाही. जर्मनीत जास्त कमावणाऱ्यांना खासगी विम्याकडे जाता येतं, पण विनाविमा राहता येत नाही. याचं कारण साध्या हिशोबात दिसतं. समजा १०० माणसं आहेत. १० जणांचा वर्षाचा उपचारखर्च प्रत्येकी १०००, उरलेल्या ९० जणांचा प्रत्येकी २०. एकूण ११,८०० झाले, म्हणजे माणशी हप्ता ११८. वर्षाला २० खर्च असलेल्याला हा हप्ता महाग वाटतो आणि असे ४० जण सोडून जातात. आता ६० जणांत ११,००० वाटायचे, हप्ता १८३. आणखी ३० निरोगी माणसं जातात. उरलेल्या ३० जणांना हप्ता पडतो ३४७. विमा आजारी माणसांपुरता उरतो आणि त्यांनाच परवडेनासा होतो. विमा ऐच्छिक ठेवायचा आणि आजाऱ्याला नाकारायचंही नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र टिकत नाहीत त्या यामुळे.

अनेक विमाकर्ते ठेवले तर आणखी एक यंत्रणा लागते. हप्ता सर्वांना सारखा असेल तर कंपनीला तरुण आणि धडधाकट ग्राहक हवे असतात, मधुमेही नको असतात. म्हणून ज्या निधीकडे आजारी माणसं जास्त, त्याला समान साठ्यातून जास्त पैसे द्यावे लागतात. जर्मनीने २००९ पासून ही भरपाई आजारांच्या नोंदींशी जोडली. त्यातून नवा मोह तयार झाला: कागदावर निदान जास्त गंभीर दिसलं तर निधीला जास्त पैसे. एकच विमाकर्ता असला की हा सगळा खटाटोप वाचतो. पण मग तो एकच खरेदीदार चुकला तर पर्याय उरत नाही, हेही मान्य करायला हवं.

आकडेमोड

तराजू यांनी चार कामं सांगितली, त्यातल्या ‘कोणत्या दराने’ या तिसऱ्यावर मुद्दाम थांबतो. मालकी सरकारी की खासगी यावर जेवढा वाद होतो त्याच्या दशांशही यावर होत नाही, आणि माझ्या मते योजना तरते किंवा बुडते ती इथेच.

प्रत्येक सेवेमागे फी दिली तर सेवांची संख्या वाढते. तपासण्या जास्त, फेऱ्या जास्त. रुग्णाला काय लागतं हे ठरवणारा आणि त्याचे पैसे घेणारा एकच असल्यामुळे हे होतं. तो लबाड असण्याची गरज नाही. ‘करून ठेवलेलं बरं’ ही भावना पुरेशी असते.

माणशी ठराविक वार्षिक रक्कम दिली तर उलटं होतं. रुग्ण जितका कमी येईल तितका फायदा, म्हणून भेट आटोपती घेतली जाते, अवघड रुग्ण लवकर वर पाठवला जातो. ही रक्कम सर्वांना सारखी ठेवणं ही नेहमीची चूक. वय आणि आजार पाहून ती कमी-जास्त केली नाही, तर वृद्धांची वस्ती असलेला दवाखाना तोट्यात जातो आणि तरुण वस्तीतला फायद्यात.

रुग्णालयासाठी आजाराच्या गटानुसार एकरकमी दर असतो. अमेरिकेच्या ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअरने १९८३ मध्ये तो आणला आणि रुग्णालयातला मुक्काम कमी झाला, कारण दिवस वाढले तरी पैसे वाढत नव्हते. पळवाटा दोन: गुंतागुंत वाढवून लिहायची, किंवा लवकर घरी पाठवून दुसऱ्या नावाखाली पुन्हा भरती करायची. म्हणून ३० दिवसांत पुन्हा भरती झालेल्यांचं प्रमाण आणि कागदपत्रांची नमुना तपासणी या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून लागतात.

तैवानचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. तिथे मार्च १९९५ मध्ये विखुरलेल्या योजना एकत्र करून एकच राष्ट्रीय विमा केला. रुग्णालयं आणि दवाखाने बहुतांश खासगीच राहिले. फी प्रत्येक सेवेमागे असल्याने खर्च वाढत गेला. मग टप्प्याटप्प्याने, रुग्णालयांच्या बाबतीत २००२ मध्ये, वर्षाचा एकूण खर्चच आधी ठरवून टाकला. आता प्रत्येक सेवेला ठराविक पैसे नाहीत, गुण आहेत. सर्वांचे गुण मोजायचे आणि ठरलेल्या रकमेला त्या बेरजेने भागायचं, म्हणजे एका गुणाची किंमत निघते. सगळ्यांनी काम वाढवलं की गुणाची किंमत घसरते. खर्च आटोक्यात राहतो हे खरं, पण प्रामाणिक डॉक्टरला दुसऱ्याच्या अतिकामाचा दंड बसतो, आणि घसरण भरून काढायला तो आणखी रुग्ण पाहतो. तिथल्या भेटी फार छोट्या असतात ही तक्रार जुनी आहे.

दर खर्चापेक्षा खाली ठेवले तर काय होतं तेही सांगतो. रुग्णालय ‘खाट शिल्लक नाही’ म्हणतं, किंवा योजनेबाहेरची वस्तू बिलात घालून रुग्णाकडून पैसे घेतं. मोफत म्हणून जाहीर झालेल्या सेवेला खिशातून पैसे जातात ते बहुतेक याच वाटेने. आणि बिल वेळेवर चुकतं झालं नाही तर परिणाम तोच. घानाने २००३ मध्ये कायदा करून राष्ट्रीय विमा आणला, त्यासाठी अडीच टक्के वेगळा उपकर लावला. रचना विचारपूर्वक केलेली होती, पण दवाखान्यांची देणी महिनोन्‌महिने थकली आणि काही ठिकाणी विमाधारकाकडे रोख मागणं सुरू झालं.

उंबरठा

आतापर्यंतची मांडणी उत्तम आहे, पण विरोधी बाजू अजून आली नाही. ती मांडतो, कारण मला ती पटते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, खरं आहे’ असं आहे, आणि ते तपासलेलं आहे. अमेरिकेत रँड संस्थेने १९७४ ते १९८२ दरम्यान मोठा प्रयोग केला. कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या योजना दिल्या. काहींना सगळं फुकट, काहींना बिलाचा २५, ५० किंवा ९५ टक्के भाग स्वतः भरायचा, वर्षाला कमाल मर्यादेपर्यंत. ९५ टक्के भरणाऱ्यांचा एकूण उपचारखर्च फुकटवाल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. सरासरी माणसाच्या तब्येतीत मोठा फरक दिसला नाही.

दुसरा मुद्दा कराचा. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्याने २०११ मध्ये एकच सरकारी विमा करण्याचा कायदा केला. डिसेंबर २०१४ मध्ये राज्यपालांनीच तो गुंडाळला, कारण हिशोब मांडल्यावर मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के आणि उत्पन्नावर ९.५ टक्क्यांपर्यंत नवा कर लावावा लागत होता. हप्ते बंद होऊन कर येतो, एकूण बोजा तितकाच राहतो असं समर्थक सांगतात. पण ज्याचा हप्ता आज मालक भरतो त्याला कर दिसतो, वाचलेला हप्ता दिसत नाही. ही अडचण फक्त राजकीय आहे म्हणून ती बाजूला सारता येत नाही.

तराजू

उंबरठा, रँडचे आकडे तुम्ही बरोबर दिलेत. त्यांच्या शेजारचे दोन निष्कर्षही सोबत ठेवायला हवेत.

पहिला: पैसे भरावे लागणाऱ्यांनी अनावश्यक उपचार तेवढे टाळले असं झालं नाही. उपयुक्त आणि निरुपयोगी, दोन्ही साधारण सारख्याच प्रमाणात घटले. छातीत दुखतंय ते पित्ताने की हृदयामुळे, हे कळण्यासाठीच तर डॉक्टरकडे जायचं असतं. ते आधीच ओळखून रुग्णाने ठरवावं ही अपेक्षा चुकीची आहे. बचतही मुख्यतः पहिलं पाऊल न टाकल्यामुळे झाली. एकदा दवाखान्यात पोचल्यावर उपचारांचा आकार डॉक्टर ठरवत होता, तिथे फारसा फरक नव्हता. दुसरा: ‘सरासरी माणसात फरक नाही’ या वाक्याखाली गरीब आणि आधीच आजारी असलेली माणसं झाकली जातात. फुकट योजनेत त्यांचा रक्तदाब जास्त चांगला आटोक्यात राहिला.

विरुद्ध दिशेचा एक प्रयोगही आहे. २००८ मध्ये ओरेगॉन राज्याने गरिबांच्या सरकारी विम्याच्या मोजक्या जागांसाठी सोडत काढली. सुमारे ९०,००० जणांच्या यादीतून ३०,००० च्या आसपास निवडले गेले. विमा मिळालेल्यांच्या तातडीच्या विभागातल्या भेटी सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे वापर वाढतो, हा तुमचा मुद्दा इथेही सिद्ध होतो. दोन वर्षांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांत ठळक सुधारणा मोजता आली नाही. पण नैराश्याचं प्रमाण लक्षणीय घटलं आणि उपचारापायी आर्थिक कंबरडं मोडण्याचे प्रकार जवळजवळ थांबले. विम्याचं पहिलं काम हेच आहे, हे या वादात फार वेळा विसरलं जातं.

रुग्णाने थोडा वाटा उचलावा याला माझा विरोध नाही, पण वरची मर्यादा पक्की हवी. जपानमध्ये बहुतेकांना बिलाचे ३० टक्के भरावे लागतात, पण उत्पन्नानुसार महिन्याची कमाल मर्यादा ठरलेली असते. स्वित्झर्लंडमध्ये प्रौढाने वर्षाला निदान पहिले ३०० फ्रँक स्वतः भरायचे, त्यापुढे १० टक्के, तेही ७०० फ्रँकपर्यंतच. मर्यादा नसलेला वाटा असेल तर मोठ्या आजारात विमा असून नसल्यासारखा.

वेळापत्रक

रांगांबद्दल लिहितो.

यादी किती लांब आहे यापेक्षा ती वाढतेय का हे आधी पाहावं. दर आठवड्याला १०० जण शस्त्रक्रियेच्या यादीत येतात आणि ९८ होतात असं धरा. फरक किरकोळ वाटतो. वर्षाअखेर १०४ जण शिल्लक, दहा वर्षांनी १,०४०, म्हणजे नव्या माणसाला साडेदहा आठवड्यांहून जास्त थांबावं लागेल. ही यादी एका वर्षात संपवायची तर आठवड्याला १२० शस्त्रक्रिया कराव्या लागतात, त्यानंतर १०० पुरतात. सरकारं बहुधा एकदाच जादा निधी देतात, यादी उतरते, छायाचित्रं निघतात, आणि क्षमता पुन्हा ९८ वर येते.

दुसरी गोष्ट खाटांची. तातडीचे रुग्ण कधी येतील ते सांगून येत नाहीत, म्हणून खाटा सरासरी ८५ टक्क्यांच्या वर भरलेल्या असतील तर एखाद्या वाईट आठवड्यात जागा संपतेच. जागा संपली की तातडीचा रुग्ण ठरलेल्या शस्त्रक्रियेची खाट घेतो. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, परिचारिका हजर आणि शस्त्रक्रियागृह रिकामं, हे दृश्य तिथून येतं. अशा वेळी आणखी शल्यविशारद नेमून उपयोग होत नाही. बरे झालेले पण घरी काळजी घ्यायला कुणी नाही म्हणून अडकून पडलेले रुग्ण हलवावे लागतात, किंवा ठरलेल्या शस्त्रक्रियांसाठी वेगळी इमारत करावी लागते, जिथे तातडीचा रुग्ण येतच नाही.

इंग्लंडचं स्वतःचं मानक असं: फॅमिली डॉक्टरने तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून १८ आठवड्यांत ९२ टक्के रुग्णांवर उपचार सुरू व्हायला हवेत. २०१६ नंतर ते गाठलं गेलेलं नाही. २०२३ मध्ये यादी ७७ लाखांच्या आसपास गेली होती. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्येही सर्वांना संरक्षण आहे, पण ठरलेल्या शस्त्रक्रियांच्या रांगा कितीतरी छोट्या आहेत, कारण खाटा जास्त, डॉक्टर जास्त आणि काम वाढलं की पैसे वाढतात. त्यांचा खर्चही तसाच वरच्या पट्टीतला आहे. म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: क्षमता मागणीच्या अगदी काठावर ठेवली की रांग लागते, मग मालक कुणीही असो. करातून चालणाऱ्या व्यवस्थेत अर्थमंत्र्याला ती काठावर ठेवणं सोपं जातं, एवढा दोष मात्र त्या पद्धतीचा आहे.

आणि तुलना करताना हेही धरा की जिथे पैसे भरल्याशिवाय उपचार नाहीत, तिथे न परवडणाऱ्याचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. ती रांग मोजलीच जात नाही.

साधाप्रश्न

सर्वांचे मनापासून आभार, बरंच सुटसुटीत झालं. एक उपप्रश्न: ज्या देशात बहुतेक लोक खिशातून खर्च करतात आणि बहुतेकांना पगारपत्रक नाही, तिथे सुरुवात कुठून करायची? आधी नोकरदार आणि मग बाकीचे, हा क्रम बरोबर आहे का?

पायवाट

तो क्रम सोपा आहे, कारण पगारातून वर्गणी कापता येते. दक्षिण कोरियाने तसंच केलं. १९७७ मध्ये ५०० पेक्षा जास्त कामगारांच्या कंपन्या, मग सरकारी नोकर आणि शिक्षक, मग छोट्या कंपन्या, १९८८ मध्ये ग्रामीण आणि १९८९ मध्ये शहरी स्वयंरोजगारी. बारा वर्षांत सगळे आत. पण तेव्हा साडेतीनशेहून जास्त वेगवेगळे निधी होते, गरीब भागातले निधी कायम तोट्यात, आणि ते सगळे एकत्र व्हायला २००० साल उजाडलं. कोरियाची अर्थव्यवस्था त्या काळात झपाट्याने वाढत होती आणि पगारी नोकऱ्याही. जिथे तसं होत नाही तिथे नोकरदारांची चांगली योजना आधी उभी राहते, आणि नंतर आपल्या पैशात इतरांना वाटेकरी करायला तेच नोकरदार विरोध करतात. हा सापळा टाळायला हवा.

थायलंडने उरलेल्या सर्वांना एकदम करातून घेतलं. २००२ चा कायदा, भेटीला ३० बात, लोकसंख्येच्या सुमारे तीन चतुर्थांश लोक त्यात. वर्गणी मागितलीच नाही, कारण शेतमजुराकडून दरमहा थोडी रक्कम वसूल करण्याचा खर्च त्या रकमेच्या जवळ जातो आणि आजारी पडल्यावरच लोक नाव नोंदवतात. बाह्यरुग्ण सेवेसाठी जिल्ह्यातल्या रुग्णालयाला माणशी रक्कम, भरतीसाठी आजारगटानुसार दर पण एकूण रकमेला कुलूप. हे चाललं याचं मोठं कारण कायद्याच्या आधीचं आहे: तालुक्याच्या पातळीवरची रुग्णालयं त्याआधीच्या दशकांत बांधून झाली होती आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची होती. कार्ड दिलं आणि दवाखाना ४० किलोमीटरवर असला तर योजनेचा पैसा शहरातच खर्च होतो. तिथेही सरकारी नोकरांची जुनी, उदार योजना वेगळीच राहिली आणि माणशी खर्चातली तफावत अजून भरलेली नाही.

क्रमच विचारता आहात म्हणून: आधी नोंदणी, म्हणजे कोण कोणत्या दवाखान्याच्या यादीत आहे आणि गाव बदललं तर नाव कसं हलतं. मग औषधांची छोटी, सदैव उपलब्ध राहील अशी यादी. कारण लोक खिशातून सगळ्यात वारंवार खर्च करतात तो औषधांवर, आणि केवळ रुग्णालयातली भरती झाकणारी योजना त्याला हातही लावत नाही. मग दर आणि बिल चुकतं करण्याची मुदत. महागड्या शस्त्रक्रियांची यादी वाढवणं सर्वांत शेवटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या अहवालात एक खूण दिली आहे: एकूण आरोग्यखर्चात खिशातल्या पैशाचा वाटा १५ ते २० टक्क्यांच्या खाली आला की उपचारापायी कंगाल होणारी कुटुंबं नगण्य राहतात. दर दोन-तीन वर्षांनी हा वाटा मोजावा.

आकडेमोड

पायवाट यांच्या ‘बिल चुकतं करण्याची मुदत’ यात एक भर. मुदत नुसती लिहून भागत नाही. ३० दिवस ठेवा, आणि त्यात आक्षेप घेतला नाही तर बिल आपोआप मंजूर, उशिरावर व्याज, हे कायद्यातच असू द्या. नाहीतर वर्षाअखेरीला निधी कमी पडला की शंका काढून बिल परत पाठवणं हाच बचतीचा मार्ग होतो. आणि परत पाठवलेल्या बिलांचं प्रमाण महिनावार प्रसिद्ध करा. निधी आटतोय हे ताळेबंदाच्या आधी तिथे दिसतं.